नाण्याचा कौल आणि रोसारिओचा विजय

नाणें उडवून निर्णय करण्याच्या रिवाजानें ज्या देशाच्या तोंडचा घांस एकदां नव्हे, दोनदां काढून घेतला, त्या देशाच्या एका खेळाडूनें पुढें प्रशिक्षक होऊन तोच घांस स्वकष्टानें परत मिळविला, अशी ही हकीकत आहे. देशाचें नांव ट्युनिसिया आणि खेळाडूचें नांव अब्दुल मजीद शताली. २ जून १९७८ रोजीं अर्जेंटिनांतील रोसारिओ शहरीं शतालींच्या संघानें मेक्सिकोवर ३-१ असा विजय मिळविला. फुटबॉलच्या जागतिक करंडकाच्या अंतिम स्पर्धेंत आफ्रिकेंतील राष्ट्रानें जिंकलेला हा पहिलाच सामना होय. अशा विजयाला दैवयोग म्हणून मोकळें होणें सोपें असतें. परंतु शतालींचें चरित्र आरंभापासून पाहिलें, म्हणजे तो शब्द येथें किती अपुरा पडतो हें ध्यानीं येतें.

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, अल्जीरिया आणि लिबिया या दोन विस्तीर्ण देशांच्या मध्यें ट्युनिसियाचा लहानसा प्रदेश दडलेला आहे. हॅनिबलचें कार्थेज याच भूमीवर होतें. १८८१ सालीं तेथें फ्रेंचांचें संरक्षक राज्य आलें आणि २० मार्च १९५६ रोजीं देश स्वतंत्र झाला. फुटबॉलचा खेळ गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आला खरा, पण थोड्याच वर्षांत एतद्देशीय तरुणांनीं तो आपलासा केला. राजधानी ट्युनिसच्या दक्षिणेस सुमारें १४० किलोमीटरांवर सूस नांवाचें जुनें बंदर आहे. नवव्या शतकांतील किल्लेवजा मठ, तटबंदीच्या आंतील अरुंद गल्ल्या आणि गांवाबाहेर पसरलेले ऑलिव्हचे मळे, असें त्या नगराचें स्वरूप. तेथें १९२५ सालीं 'एत्वाल द्यु साहेल', म्हणजे 'साहेलचा तारा', या नांवाचा क्लब स्थापन झाला. तारा हें ट्युनिसियाच्या ध्वजावरील चिन्ह आहे. परक्यांचें राज्य असतांना आपल्या क्लबाला हें नांव देण्यांत कोणता भाव होता, हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं.

याच सूस गांवीं १९३९ सालीं शतालींचा जन्म झाला आणि याच क्लबांत त्यांचा खेळ वाढीला लागला. ते मधल्या फळीचे खेळाडू होते. ही जागा मोठी कसाची. पुढच्या फळीचा खेळाडू गोल करतो व टाळ्या घेतो. मागच्या फळीचा गोल वांचवितो व शाबासकी मिळवितो. परंतु मधल्या फळीच्या खेळाडूला दोन्ही बाजूंचें मैदान सतत नजरेपुढें ठेवावें लागतें. चेंडू कोठें आहे यापेक्षां तो पुढच्या क्षणीं कोठें असेल, याचा विचार त्याला करावा लागतो. पुढें प्रशिक्षक म्हणून ज्यांनीं नांव मिळविलें, त्यांतील अनेकजण या जागीं खेळलेले असावेत, यांत नवल नाहीं.

१९६० सालीं रोम येथें भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेंत नवस्वतंत्र ट्युनिसियाचा संघ उतरला आणि त्यांत तरुण शताली होते. याच स्पर्धेंत भारताचाहि संघ खेळला आणि त्यानें फ्रान्सशीं १-१ अशी बरोबरी केली, हें जुन्या क्रीडाप्रेमी मंडळींच्या स्मरणांत असेल. ट्युनिसियाच्या वांट्याला मात्र तिन्ही सामन्यांत पराभव आला. त्यांतील पोलंडशीं झालेला सामना ६-१ असा हरला गेला. हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण अठरा वर्षांनीं तोच पोलंड पुन्हां समोर यावयाचा होता.

दुसऱ्याच वर्षीं घरच्या क्लबावर संकट आलें. १९६१ सालीं राजधानींतील एस्पेरांस या क्लबाबरोबर करंडकाचा सामना चालला असतां दंगल उसळली आणि अध्यक्ष हबीब बुर्गीबा यांच्या हुकुमानें एत्वाल क्लब विसर्जित करण्यांत आला. खेळाडूंपैकीं बरेच जण गांवांतीलच दुसऱ्या एका क्लबांत जाऊन खेळूं लागले. पुढें बंदी उठली, आणि पुनरुज्जीवित एत्वालनें १९६२-६३ च्या हंगामांत एकहि सामना न हरतां देशाचें विजेतेपद पटकाविलें. ज्या क्लबाचें अस्तित्वच पुसलें गेलें होतें, त्यानें उभें राहतांच अजिंक्य व्हावें, ही गोष्ट सूसच्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगावी अशीच आहे. मोडलेला संघ पुन्हां कसा जुळवावा याचा धडा तेथील खेळाडूंना असा प्रत्यक्ष मिळाला.

आतां नाण्याकडे वळूं. त्या काळीं दोन संघ कांहीं केल्या बरोबरींतून सुटेनात, तर पंच नाणें उडवीत असे. १९६२ च्या जागतिक करंडकाच्या पात्रता-फेरींत ट्युनिसिया व मोरोक्को यांची गांठ पडली. प्रत्येकानें एकेक सामना २-१ असा जिंकला. तिसरा सामना १९६१ च्या जानेवारींत इटलींतील पालेर्मो येथें झाला. तोहि १-१ असा बरोबरींत सुटला. नाणें उडालें आणि मोरोक्कोच्या बाजूनें पडलें. आठ वर्षांनीं, १९६९ सालीं, त्याच दोन राष्ट्रांची पुन्हां गांठ पडली. दोन सामने ०-० असे सुटले. मार्सेय येथील तिसरा सामना जादा वेळ खेळूनहि २-२ असाच राहिला. पुन्हां नाणें उडालें आणि पुन्हां तें मोरोक्कोलाच पावलें. मोरोक्कोचा संघ पुढील फेरी जिंकून १९७० सालीं मेक्सिकोच्या स्पर्धेंत दाखल झाला. ट्युनिसिया घरीं राहिला. सहा सामन्यांत दोन्ही संघांचे गोल अगदीं समसमान. फरक काय तो नाण्याच्या दोन बाजूंइतका.

या दोन घटनांच्या मध्यें आणखी एक सल आहे. १९६५ सालीं आफ्रिकेच्या राष्ट्रांची करंडक-स्पर्धा ट्युनिसियांत भरली. यजमान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. समोर आदल्या स्पर्धेचा विजेता घाना होता. २१ नोव्हेंबर रोजीं ट्युनिस शहरीं झालेल्या या सामन्यांत घानानें पहिला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच स्वतः शतालींनीं बरोबरी साधली, आणि पुढें ट्युनिसियानें २-१ अशी आघाडीहि घेतली. परंतु घानानें पुन्हां बरोबरी केली व जादा वेळांत तिसरा गोल करून करंडक नेला. स्वतःच्या देशांत, स्वतःच्या लोकांसमोर, हातीं आलेला करंडक निसटतांना पाहणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें आहे, त्याला पुढें खेळाडूंच्या मनाची कल्पना पुस्तकांतून घ्यावी लागत नाहीं.

खेळणें संपल्यावर शतालींनीं प्रशिक्षकाचें काम पत्करिलें. प्रथम आपल्या एत्वालमध्यें, आणि १९७५ पासून राष्ट्रीय संघांत. ट्युनिसियाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक तोंवर बहुधा बाहेरून आणलेले असत. युगोस्लाव, फ्रेंच, हंगेरियन. नव्या राष्ट्रांची ही रीतच पडली होती. गोरा माणूस आणल्यावांचून खेळ सुधारत नाहीं, अशी समजूत राज्य गेलें तरी गेली नव्हती. ती एका भाषणानें किंवा ठरावानें जाणारी नव्हतीच. घरच्या माणसानें काम करून दाखविणें, एवढाच तिच्यावर उपाय होता.

मार्ग लांबचा होता. १९७८ च्या स्पर्धेंत सोळा संघांना प्रवेश, आणि त्यांत सबंध आफ्रिका खंडाला जागा एकच. ती मिळविण्यासाठीं ट्युनिसियाला दहा सामने खेळावे लागले. पहिलीच गांठ मोरोक्कोशीं! कासाब्लांका येथें १-१, ट्युनिस येथें १-१. इतिहास जणूं हट्टानें तोच प्रश्न तिसऱ्यांदा घालीत होता. परंतु या वेळीं उत्तराची पद्धत बदलली होती. १९७० सालीं खेळाच्या नियामक मंडळानें नाणेफेकीऐवजीं पेनल्टी किकांनीं निकाल लावण्यास मान्यता दिली होती. ९ जानेवारी १९७७ रोजीं ट्युनिसमधील या सामन्यांत जागतिक करंडकाच्या पात्रता-फेऱ्यांत प्रथमच तिचा अवलंब झाला, आणि ट्युनिसिया ४-२ असा जिंकला. पेनल्टी किकमध्यें दैवाचा अंश नसतो असें कोण म्हणेल? तथापि तेथें निदान चेंडूला पाय माणसाचा लागतो आणि तो अडविण्यास हात माणसाचे असतात. नाण्यावर ज्याचा कांहीं इलाज चालला नव्हता, त्या संघाला एवढा फरक पुरेसा झाला.

पुढें अल्जीरियाला घरीं २-० हरवून परतीच्या सामन्यांत १-१ अशी बरोबरी राखली. गिनीशीं कोनाक्री येथें १-० असा पराभव पत्करून घरीं ३-१ अशी भरपाई केली. अखेरच्या फेरींत नायजेरिया व ईजिप्त असे दोन बलाढ्य प्रतिस्पर्धी होते. नायजेरियाशीं घरीं गोलशून्य बरोबरी झाली, तेव्हां अनेकांनीं आशा सोडली असेल. पण लागोस येथें नायजेरियाच्याच बचावपटूकडून चेंडू त्यांच्याच जाळ्यांत गेला आणि ट्युनिसिया १-० असा जिंकला. दैवानेंहि एकदां परतफेड केली म्हणावयाची! कैरो येथें ईजिप्तनें ३-२ असा विजय मिळविला, आणि हिशेब असा उरला कीं, ११ डिसेंबर १९७७ रोजींच्या शेवटच्या सामन्यांत ईजिप्तला बरोबरीहि पुरे, पण ट्युनिसियाला विजयच हवा. त्या दिवशीं एल मेन्झाच्या क्रीडांगणांत ट्युनिसियानें ईजिप्तचा ४-१ असा पराभव केला. या वेळीं पंचाला खिशांत हात घालण्याचें कारणच उरलें नाहीं.

शतालींच्या कारकीर्दींत सर्वच उज्ज्वल होतें असें मात्र नव्हे. १९७८ च्या मार्चमध्यें घाना येथें झालेल्या आफ्रिकी स्पर्धेंत उपांत्य सामना यजमानांशीं १-० असा गमावल्यावर तिसऱ्या क्रमांकासाठीं नायजेरियाशीं सामना झाला. १-१ अशी बरोबरी असतां पंचाच्या निर्णयावर रागावून ट्युनिसियाचा संघ मध्यंतरापूर्वींच मैदान सोडून गेला, आणि विजय नायजेरियाला देण्यांत आला. अन्याय झाल्याची भावना खरी असली, तरी मैदान सोडून जाणें हें खेळाडूला शोभणारें नाहीं. अवघ्या तीन महिन्यांनीं याच संघाची जगासमोर कसोटी लागणार होती.

ती कसोटी केवळ ट्युनिसियाची नव्हती. जागतिक करंडकाच्या दाराशीं आफ्रिका फार काळ ताटकळत उभी होती. १९३४ सालीं ईजिप्तचा संघ एक सामना खेळून परतला. १९६६ च्या स्पर्धेला आफ्रिकी राष्ट्रांनीं बहिष्कार घातला, कारण त्यांच्या विजेत्याला स्वतःची अशी एकहि जागा राखलेली नव्हती. १९७० सालीं मोरोक्कोनें बल्गेरियाशीं एक बरोबरी मिळविली, तीच काय ती कमाई. १९७४ सालीं झाईरचा संघ तीन सामन्यांत चौदा गोल खाऊन, एकहि न करतां परत गेला. त्यांतील नऊ गोल एकट्या युगोस्लावियाचे. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यांत झाईरच्या एका खेळाडूनें फ्री किकच्या वेळीं भिंतींतून धांवत येऊन चेंडू भिरकावून दिला. ते दृश्य युरोपांत कित्येक वर्षें हंसण्यासाठीं दाखविलें जाई. आफ्रिकेला दिलेली एक जागा हीच उधळपट्टी होय, असें म्हणणाऱ्यांना त्यामुळें बळ आलें होतें.

अशा स्थितींत रोसारिओ येथें ट्युनिसिया मेक्सिकोसमोर उभा राहिला. पहिला अर्ध संपतां संपतां मेक्सिकोला पेनल्टी मिळाली आणि तिच्यावर वास्केस आयाला यानें गोल केला. मध्यंतरास ट्युनिसिया १-० असा मागें होता. त्या मध्यंतराविषयीं एक गोष्ट सांगितली जाते. शतालींनीं भाषण केलें नाहीं. राष्ट्रध्वज खेळाडूंच्या पुढें टाकला आणि ते खोलीबाहेर निघून गेले. गोष्ट हृदयंगम आहे. परंतु ध्वजानें मन पेटतें. गोल मात्र शिकविलेल्या पायांनींच होतात. ५५ व्या मिनिटाला अली काबी यानें बरोबरी केली. ७९ व्या मिनिटाला नजीब गोमीद यानें दुसरा गोल केला. ८७ व्या मिनिटाला मुख्तार धुवैब यानें तिसरा. यांतील काबी आणि धुवैब हे दोघे फुल-बॅक, म्हणजे मागच्या फळीचे खेळाडू होते, तर गोमीद मधल्या फळीचा. पुढच्या फळीच्या एकाहि खेळाडूचें नांव यादींत नाहीं. मागें पडलेल्या संघानें आपल्या बचावपटूंना पुढें जाण्याची मोकळीक द्यावी आणि त्यांच्या जागा इतरांनीं न सांगतां भराव्यात, ही गोष्ट उत्साहाच्या भरांत घडून येत नाहीं. ती महिनोन्‌महिने सरावांत घोटावी लागते. मधल्या फळींत खेळून सबंध मैदान पाहावयास शिकलेल्या माणसाची खूण त्या तीन गोलांवर स्पष्ट उमटलेली आहे.

चार दिवसांनीं त्याच शहरीं पोलंड समोर आला. हा १९७४ च्या स्पर्धेंत तिसरा आलेला संघ. लाटो यानें मध्यंतरापूर्वीं केलेला एक गोल, एवढाच निकाल. रोममध्यें सहा गोल खाणाऱ्या देशानें अठरा वर्षांनीं पोलंडला एका गोलावर अडविलें. नंतर १० जून रोजीं कोर्डोबा येथें जगज्जेत्या पश्चिम जर्मनीशीं गांठ पडली. त्या वेळीं विजयाला दोन गुण असत. जर्मनीचे तीन गुण होते, ट्युनिसियाचे दोन. एक गोल, केवळ एक गोल झाला असता, तर जगज्जेते घरीं गेले असते आणि ट्युनिसिया पुढच्या फेरींत. तो गोल झाला नाहीं. परंतु रुमेनिगेसारखे खेळाडू असलेल्या जर्मनांनाहि गोलरक्षक मुख्तार नायली याच्या जाळ्यांत चेंडू घालतां आला नाहीं. सामना ०-० असा सुटला. एक विजय, एक बरोबरी, एक निसटता पराभव आणि तीन गुण घेऊन ट्युनिसियाचा संघ परतला. त्या संघांतील तारिक दियाब याला १९७७ चा आफ्रिकेंतील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून आधींच गौरविण्यांत आलें होतें. एक नायक तमीम लहजामी सोडला, तर बाकीचे बहुतेक खेळाडू मायदेशांतील क्लबांतच खेळणारे होते.

१९८२ च्या स्पर्धेंत संघांची संख्या सोळावरून चोवीस झाली आणि आफ्रिकेला एकाऐवजीं दोन जागा मिळाल्या. याचें सारें श्रेय रोसारिओला देणें इतिहासाला धरून होणार नाहीं. जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष हॅवेलांज १९७४ सालीं आफ्रिका व आशिया यांच्या मतांवर निवडून आले होते, आणि संख्या वाढविण्याचें आश्वासन त्यांनीं तेव्हांच दिलें होतें. परंतु आश्वासन निराळें आणि पुरावा निराळा. झाईरच्या पराभवाकडे बोट दाखविणाऱ्यांना मेक्सिकोवरील विजयाचें उत्तर देतां येऊं लागलें, हें ट्युनिसियाचें कार्य. १९८२ सालीं अल्जीरियानें पश्चिम जर्मनीचा २-१ असा पराभव केला, आणि कॅमेरूनचा संघ एकहि सामना न हरतां परतला. मग ती दुसरी जागा कोणाला जास्त वाटेनाशी झाली. त्यानंतर १९९४ सालीं तीन, १९९८ सालीं पांच आणि २०२६ च्या अठ्ठेचाळीस संघांच्या स्पर्धेसाठीं आफ्रिकेला नऊ थेट जागा ठरल्या.

शतालींनीं १९७८ सालींच राष्ट्रीय संघाचें काम सोडलें. त्यानंतर ट्युनिसियाला त्या स्पर्धेंत पुन्हां पाऊल टाकण्यास वीस वर्षें लागलीं. १९९८ सालीं तो संघ फ्रान्सला गेला, तेव्हां त्याचा प्रशिक्षक होता १९७८ च्या पोलिश संघांतला कास्पेरचाक. दुसरा विजय मिळण्यास तर चाळीस वर्षें जावीं लागलीं. २०१८ सालीं रशियांत पनामावर २-१ असा तो मिळाला आणि त्या वेळचे प्रशिक्षक नबील मालूल हे शतालींप्रमाणेंच ट्युनिसियाचे जुने खेळाडू होते. २०२२ सालीं तर ट्युनिसियानें एकेकाळच्या राज्यकर्त्या फ्रान्सवरच १-० असा विजय मिळविला. त्याच वर्षीं जुना प्रतिस्पर्धी मोरोक्को आपल्याच देशाच्या माजी खेळाडूच्या मार्गदर्शनाखालीं उपांत्य फेरीपर्यंत जाऊन पोंचला. आफ्रिकेंतील राष्ट्राला तोंवर ती पायरी लाभली नव्हती. घरच्या माणसाच्या हातीं संघ सोंपवावा कीं नाहीं, हा १९७५ सालचा प्रश्न आतां कोणी विचारीत नाहीं.

नाण्याला दोन बाजू असतात आणि दोन्हींना ओळख नसते; ज्यानें वर्षभर घाम गाळला आणि ज्यानें गाळला नाहीं, ते दोघेहि त्याला सारखेच. पालेर्मो आणि मार्सेय येथें ट्युनिसियाला हें कळून चुकलें होतें. अशा वेळीं दैवाला दोष देत बसणाऱ्या राष्ट्राला कोणी नांवें ठेवलीं नसतीं. शतालींच्या पिढीनें तसें केलें नाहीं. निकाल नाण्यापर्यंत जाऊंच नये इतका आपला खेळ वाढवावा, एवढा साधा अर्थ तिनें त्या दोन पराभवांतून काढला आणि तो वर्षानुवर्षें मनीं धरून ठेवला. रोसारिओच्या मैदानावर शेवटची शिटी वाजली तेव्हां फलकावर ३-१ हे आंकडे होते, आणि त्यांचा अर्थ लावण्यासाठीं कोणालाहि नाणें काढावें लागलें नाहीं.